आंत्रपुच्छातील श्लेष्मल गाठी : क्ष-किरणचित्रापासून सीटी स्कॅनपर्यंतचा इतिहास

१९९४ साली माझ्या मोठ्या मावशीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. तालुक्याच्या गावी, पोट दुखायला लागल्यापासून दोन दिवसांत. त्या काळी तिथे हे निदान हातानेच होत असे. बेंबीच्या खाली उजव्या बाजूला दाबून पाहायचे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि रोग्याला टेबलावर घ्यायचे. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि काकांना म्हणाले, "आत पू नव्हता, डिंकासारखे काहीतरी होते. काढताना फुटले, पण सगळे स्वच्छ पुसून घेतले आहे." पू नव्हता म्हणून घरी सगळ्यांना हायसे वाटले. सहा वर्षांनी मावशीचे पोट हळूहळू वाढू लागले, तेव्हा तिला बेंगळुरूला आणले. मी तेव्हा इथे एम.टेक. करत होतो. पोटाच्या सीटी स्कॅनची फिल्म आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली.

ते डिंकासारखे द्रव्य ऑपरेशनच्या आधी कोणाला दिसू शकले असते का? या टिपणाचा प्रश्न तेवढाच आहे. त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. ते का बदलले हे समजायला वैद्यकाइतकीच भौतिकशास्त्राची आणि गणिताची गरज लागते, म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयात सिग्नल प्रोसेसिंग शिकवणाऱ्या माणसाने यावर लिहिण्याचे धाडस केले आहे. मी डॉक्टर नाही. हा इतिहास आहे, उपचाराचा सल्ला नव्हे.

आधी रोगाविषयी थोडे. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीपेक्षा बारीक अशी एका टोकाला बंद नळी. तिच्या आतल्या अस्तरातल्या पेशी थोडा श्लेष्म, म्हणजे म्युसिन नावाचा चिकट पदार्थ, तयार करतात आणि तो आतड्यात वाहून जातो. नळीचे तोंड बंद झाले किंवा अस्तरातल्या पेशी बेशिस्त वाढू लागल्या, की श्लेष्म साठतो आणि नळी फुग्यासारखी फुगते. काढलेल्या आंत्रपुच्छांपैकी साधारण ०.२ ते ०.३ टक्के अशी निघतात. व्हिएन्नाच्या रोकितान्स्कीने १८४२ साली याचे पहिले वर्णन केले, अर्थातच शवविच्छेदनाच्या टेबलावर. पुढे अशा फुगलेल्या आंत्रपुच्छाला म्युकोसील हे नाव रूढ झाले. हे नाव नुसते रूप सांगते, कारण सांगत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

फुगा फुटला आणि श्लेष्माबरोबर त्या पेशी पोटाच्या अस्तरावर, म्हणजे पर्युदरावर, सांडल्या तर त्या तिथे रुजतात आणि वर्षानुवर्षे श्लेष्म तयार करत राहतात. पोट जेलीने भरत जाते. वेर्थने १८८४ साली या अवस्थेला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी हे नाव दिले, पण त्याच्या पुढ्यातला रोग अंडाशयाच्या गाठीशी जोडलेला होता. १९०१ साली फ्रेंकेलने तीच अवस्था आंत्रपुच्छामुळेही होते हे दाखवले. तरीही बाई रोगी असली की दोष अंडाशयाला, ही समजूत जवळजवळ शंभर वर्षे टिकली. बहुतेक वेळा मूळ आंत्रपुच्छातच असते आणि अंडाशयावरची गाठ तिथून सांडलेल्या पेशींची असते, हे पेशींच्या रंगचाचण्यांतून आणि जनुकीय अभ्यासातून १९९० च्या दशकात पटले.

सावलीत जे नाही ते वाचणे

रोंटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते किरण सापडले. कसले आहेत ते ठाऊक नव्हते म्हणून त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठीने त्याऐवजी आपल्या बीजगणितातला 'क्ष' घेतला. इतके चपखल भाषांतर विज्ञानात क्वचितच झाले असेल.

साध्या क्ष-किरणचित्रात शरीराच्या चारच छटा वेगळ्या ओळखता येतात : हवा, चरबी, पाणी आणि चुना. स्नायू, यकृत, आतड्याची भिंत, रक्त, पू, श्लेष्म हे सगळे 'पाणी' या एकाच छटेत मोडते. एक हिशेब करून पाहू. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेला पाणी दर सेंटिमीटरला साधारण ०.२ या गुणांकाने किरण अडवते. श्लेष्म आणि स्नायू यांच्या गुणांकांत तीन-चार टक्क्यांचा फरक धरा आणि गाठ ३ सेंटिमीटर जाड धरा. ०.२ × ०.०३५ × ३ म्हणजे साधारण ०.०२. फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशात फक्त २ टक्क्यांचा फरक. त्यावर कंबरेचे हाड, आतड्यातला वायू आणि पोटाची सगळी जाडी यांच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या. दोन टक्के त्यात कुठेच हरवून जातात.

म्हणून पहिली चाळीस वर्षे ही गाठ दिसली ती फक्त तिच्या भिंतीत चुना साचला असेल तेव्हा, उजव्या खालच्या कोपऱ्यात अंड्याच्या टरफलासारखी वक्र पांढरी रेघ म्हणून. पण निम्म्याहून जास्त गाठींत अशी रेघ नसतेच. एका दुर्मीळ प्रकारात श्लेष्माचे छोटे गोळे बनतात आणि त्यांच्या कडेला चुना साचतो. चित्रात ते कड्यांसारखे दिसतात, आणि रोग्याने कूस बदलली की जागा बदलतात. इंग्रजी पुस्तके त्यांना माशांच्या अंड्यांची उपमा देतात. आपल्याकडे भिजवलेला साबुदाणा म्हटले की कोणालाही कळेल.

मग आले बेरियम. आतड्यात अपारदर्शक द्रव्य भरून त्याची सावली पाहायची ही कल्पना म्युनिकच्या रीडरने १९०४ साली बिस्मथ वापरून माणसावर रूढ केली. १९१० च्या सुमारास स्वस्त आणि निर्धोक बेरियम सल्फेट आले. १९३६ साली स्वीडनच्या ओके ओकरलुंडने 'ॲक्टा रेडिओलॉजिका' या नियतकालिकात ऑपरेशनच्या आधी क्ष-किरणांनी निदान झालेल्या म्युकोसीलवर लेख लिहिला. गाठ त्यालाही दिसत नव्हती. त्याला दिसत होते ते इतकेच की बेरियम आंत्रपुच्छात शिरत नाही, आणि आंत्रपुच्छ जिथून निघते ती मोठ्या आतड्याची पिशवी बाहेरून कोणीतरी गुळगुळीत बोटाने दाबल्यासारखी आत गेली आहे. आतडे भरले, नळी भरली नाही आणि शेजारी काहीतरी गोल, मऊ कडांचे आहे, या तीन गोष्टींवरून चौथी ओळखायची. मला या पिढीच्या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटतो. मोजमाप हाती नसताना त्यांनी अनुमानाची शिस्त तयार केली. पण ही तपासणी सवडीची आहे. पोट दुखून तळमळणाऱ्या माणसाला बेरियमचा एनिमा देत नाहीत, आणि या गाठीचे बरेच रोगी तशाच अवस्थेत येतात.

प्रतिध्वनी

सोनोग्राफीची गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जवळची वाटेल. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. लोखंडातल्या भेगा शोधायचे ध्वनियंत्र तिथे होते, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून त्यांनी सोबत नेल्या होत्या. घन गाठ आणि द्रवाने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्ट वेगळे आले. टॉम ब्राउन नावाच्या तरुण अभियंत्याने यंत्र घडवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. त्यातल्या एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे सांगितले गेले होते. यंत्राने दाखवली ती अंडाशयाची प्रचंड, पण काढून टाकता येईल अशी गाठ.

आंत्रपुच्छ मात्र सोनोग्राफीला बरीच वर्षे चुकवत राहिले, कारण वायूने भरलेले आतडे ध्वनी अडवते. १९८६ साली नेदरलँड्सच्या पुइलार्टने साधा उपाय दाखवला : प्रोबने हळूहळू दाबत जायचे, म्हणजे मधला वायू बाजूला सरतो आणि दाबूनही न चपटणारे सुजलेले आंत्रपुच्छ समोर येते. निरोगी आंत्रपुच्छाचा व्यास साधारण ६ मिलिमीटरच्या आत असतो. २००६ साली तैवानच्या डॉक्टरांनी दाखवले की व्यास १५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर साध्या सुजेपेक्षा म्युकोसीलचा संशय घ्यावा. त्याआधी २००४ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी गाठीच्या पोटात एकाआड एक दिसणाऱ्या गोल रेषांना 'कांद्याच्या पापुद्र्यांची खूण' म्हटले होते. श्लेष्म थराथराने साचतो आणि घट्ट-पातळ थरांच्या सीमेवरून ध्वनी परततो, म्हणून ते पापुद्रे. साध्या पाण्याच्या गाठीत ते नसतात.

म्हणजे मावशीच्या वेळी, १९९४ साली, पुइलार्टची युक्ती आठ वर्षे जुनी होती. तिच्या गावात तोवर सोनोग्राफीचे यंत्र आले नव्हते. त्याच वर्षी गर्भलिंगनिदानावरचा केंद्रीय कायदा झाला. महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधीच, १९८८ साली केला होता. या यंत्राचा आपल्याकडचा इतिहास आंत्रपुच्छापेक्षा मुलींच्या गर्भांशी जास्त बांधलेला आहे. त्यावर कोणीतरी स्वतंत्र टिपण लिहायला हवे.

सावलीचा आकडा

आता मुख्य भाग. बेंगळुरूत रिक्षावाल्याला 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' सांगितले तर तो क्षणभर विचारात पडेल. 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणा, लगेच मीटर टाकेल. १९४२ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन नावाचा विशीतला तरुण तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला आला, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रभावाने भौतिकशास्त्राकडे वळला. पुढे मद्रास विद्यापीठात असताना त्यांनी कोलॅजन या प्रथिनाची तिहेरी पिळाची रचना मांडली. प्रथिनांच्या अभ्यासात जगभर वापरला जाणारा 'रामचंद्रन आलेख' हा त्यांच्या गटाने १९६३ साली दिला. १९७० नंतर ते पुन्हा बेंगळुरूला आले आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्या सुमारास, सप्टेंबर १९७१ मध्ये, त्यांचा आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा पाच पानांचा एक लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. विषय होता क्ष-किरणचित्रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे यांवरून त्रिमितीय रचना परत उभी करणे.

बरोबर त्याच वेळी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डचे यंत्र तयार झाले. हाउन्सफिल्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर, विद्यापीठाची पदवी नसलेला, ईएमआय या रेकॉर्ड बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले गेले. किरणाची बारीक रेघ डोक्यातून १६० ठिकाणी आरपार न्यायची, मग एक अंश फिरवून पुन्हा, असे १८० वेळा. एकूण २८,८०० मोजमापे. त्यांवरून ८० × ८० म्हणजे ६,४०० चौकोनांपैकी प्रत्येकाने किरण किती अडवला ते काढायचे. अशा सावल्यांवरून मूळ वस्तू परत मिळते हे गणिताने योहान राडोन यांनी १९१७ सालीच सिद्ध केले होते, आणि ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३-६४ मध्ये ते क्ष-किरणांसाठी स्वतंत्रपणे मांडले होते.

हाउन्सफिल्डने समीकरणे पुनःपुन्हा दुरुस्त करत सोडवली, आणि चित्र तयार व्हायला मोठ्या संगणकावर तास-दोन तास लागत. याहून सोपी रीत म्हणजे प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्याच दिशेने कागदावर परत फासायची आणि सगळ्या दिशांची बेरीज घ्यायची. पण तसे केले तर प्रत्येक बिंदूभोवती धुके उरते. ते घालवायला सावलीतल्या जलद बदलांना जास्त वजन द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी फूरिये रूपांतर करावे लागे. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी ती फेरी टाळली. सावलीच्या आकड्यांवरच थेट कन्व्होल्यूशन करा, म्हणाले. मोजमापांतले अंतर १ धरले तर वजने अशी : मधल्या बिंदूला १/४, विषम अंतरावरच्या शेजाऱ्यांना −१/π², −१/९π², −१/२५π², आणि सम अंतरावरच्यांना शून्य. दोन्ही बाजूंच्या ऋण वजनांची बेरीज वर्गात करून पाहा. बरोबर −१/४ येते, म्हणजे एकसारख्या सपाट सावलीतून काहीच उरत नाही. उरतात त्या कडा. या गाळणीला आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत 'राम-लॅक फिल्टर' म्हणतात.

इथे एक दुरुस्ती करणे शिक्षक म्हणून माझे काम आहे. 'सीटी स्कॅनचा शोध भारतीयाने लावला' असे संदेश दरवर्षी फोनवर फिरतात. ते खरे नाही. हाउन्सफिल्डचे यंत्र या लेखाशिवायच चालू झाले. कन्व्होल्यूशनची हीच कल्पना ब्रेसवेल आणि रिडल यांनी रेडिओ खगोलशास्त्रात १९६७ साली मांडली होती. १९७९ चे नोबेल हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना मिळाले ते योग्यच होते. पण १९७४ साली बेल लॅब्जच्या शेप आणि लोगन यांनी या पद्धतीची गाळणी सुधारून तिची सरशी दाखवली, आणि यंत्रे झपाट्याने तिच्याकडे वळली. पुढची तीन दशके सीटी यंत्रांतले चित्र मुख्यतः या कुळातल्या गाळणीतून येत होते. मला हे सत्य त्या खोट्या संदेशापेक्षा मोठे वाटते.

आता पोटाकडे या. हाउन्सफिल्डच्या नावाच्या मापात पाणी ०, हवा −१०००, चरबी −१०० च्या आसपास आणि स्नायू ५० च्या आसपास. एक एकक म्हणजे पाण्याच्या गुणांकाचा हजारावा भाग. आंत्रपुच्छातला श्लेष्म बहुधा ० ते २० च्या दरम्यान येतो, घट्ट असेल तर त्याहून वर. साध्या फिल्मवर हरवलेला तीन टक्क्यांचा फरक इथे ३० एककांचा होतो आणि डोळ्याला सहज दिसतो, कारण त्यावर आता कोणाचीच सावली पडलेली नसते. अडचण होती ती श्वासाची. डोके स्थिर धरता येते, पोट नाही. रॉबर्ट लेडली यांनी १९७४ साली सगळ्या शरीराचे यंत्र आणले तेव्हा एका कापाला काही मिनिटे लागत. वीस सेकंदांत काप घेणारी यंत्रे त्यानंतर लगेच आली, आणि १९८९ साली जर्मनीत विली कालेंडर यांनी रोगी सरकत असतानाच किरणनळी फिरती ठेवण्याची सर्पिल रीत आणली. मग सगळे पोट एका श्वासात मावू लागले.

१९८१ साली सेशुल आणि कोलॅम यांनी स्यूडोमिक्सोमाची सीटी आणि सोनोग्राफीची चित्रे प्रसिद्ध केली. साधे पाणी पोटात साठले तर ते यकृताभोवती वाहते, पण यकृताला दाबत नाही. श्लेष्म दाबतो, आणि यकृताची कड शंखाच्या कडेसारखी खाचाखाचांची होते. मावशीच्या फिल्मवर मला ते चमच्याने कोरल्यासारखे दिसले होते. तिथे तंत्रज्ञाने एक छोटा गोल काढून आतला सरासरी आकडा छापला होता : १८. मी तेव्हा नुकताच राम-लॅक फिल्टर शिकलो होतो. त्या अठराचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी काकांना बाजूला नेऊन सांगितला. मावशी २००३ साली गेली.

यात एकट्या खेड्याचा दोष नाही. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न सोमालियाहून परतल्यावर १९९२ च्या शरदात पोटदुखीने आजारी पडली. स्वित्झर्लंडमधल्या तपासण्यांतून स्पष्ट उत्तर मिळाले नाही. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला दुर्बीण पोटात घातल्यावर हाच रोग निघाला, आणि २० जानेवारी १९९३ रोजी ती वारली. रोग पसरण्याच्या सुरुवातीला श्लेष्माचे थर इतके पातळ असतात की सीटीतूनही निसटतात. एमआरआयची विसरण दाखवणारी चित्रे तिथे थोडी पुढे जातात, पण तीही पूर्ण नाहीत.

चित्राने सर्जनच्या हातात काय बदलले? वॉशिंग्टनचे सर्जन पॉल शुगरबेकर यांनी दाखवले की सांडलेला श्लेष्म वाटेल तिथे बसत नाही. पोटातला द्रव जिथे शोषला जातो तिथे, म्हणजे पडद्याखाली आणि आतड्यावरच्या चरबीच्या पदरावर, आणि गुरुत्वाने खाली ओटीपोटात तो जमतो. सतत हलणारे लहान आतडे बराच काळ वाचते. १९९६ पासून पोटाचे १३ भाग पाडून प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायची पद्धत आली. सीटी पाहून ऑपरेशन शक्य आहे की नाही याचा अंदाज त्या ३९ पैकी गुणांवरून घेतात. मग सगळा रोग काढून गरम औषधाने पोट धुण्याचे तासन्‌तास चालणारे ऑपरेशन होते. आज ते मुंबईत आणि बेंगळुरूतही होते. १९९८ साली त्यांच्याच गटाने लिहिले की म्युकोसील असेल तर दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढूच नये, फुटण्याचा धोका आहे. पुढे हे मत सौम्य झाले. न पकडता, न पिळता, पिशवीत घालून काढले तर चालते असे आता अनेक सर्जन मानतात. दोन्ही मतांना एक गोष्ट आधी कळलेली असावी लागते : आत काय आहे.

आणि चित्राला जे कळत नाही तेही नोंदवले पाहिजे. २ सेंटिमीटरपेक्षा मोठा व्यास, भिंतीवर उंचवटे, बाहेर जाड झालेली चरबी यांवरून रेडिओलॉजिस्ट संशय व्यक्त करतो. पण भिंतीतल्या पेशी किती बेशिस्त आहेत हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. तिथेही पॅथॉलॉजिस्टांमध्ये नावांचा इतका गोंधळ होता की एकच गाठ एका शहरात निरुपद्रवी आणि दुसऱ्या शहरात कर्करोग ठरे. तेरा देशांतल्या ७१ तज्ज्ञांनी मिळून २०१६ साली नवी नावे प्रसिद्ध केली. त्यांनी म्युकोसील हा शब्द निदान म्हणून वापरू नये असे सुचवले. तो फक्त चित्रातल्या रूपासाठी ठेवावा. म्हणून आजच्या सीटी अहवालात 'म्युकोसील' लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की नळी फुगली आहे आणि आत श्लेष्म आहे. पुढचे नाव, कमी दर्जाचे अर्बुद की कर्करोग, हे न फुटता बाहेर आलेले आंत्रपुच्छ टोकापासून बुडापर्यंत चकत्या करून तपासल्यावर मिळते.